नऊ दिवसांची हाक

सोनखड आणि पैलखड या दोन देशांच्या सीमेवर माणसांना कुणी अडवत नसे. तपासणी होती ती फक्त आवाजांची. घळीच्या अलीकडून मारलेली हाक पलीकडे पोचायला नऊ दिवस लागत. दोन्ही चौक्यांत ती उघडून ऐकत आणि शिक्का बसला की पुढे सोडत.

द्वारकाबाईंना त्याची सवय झाली होती. त्यांची थोरली बहीण भागीरथी पैलखडला दिलेली. घळीच्या सहाशे पायऱ्या गुडघ्यांनी कधीच बंद केल्या होत्या. म्हणून रोज संध्याकाळी दोघी आपापल्या काठावरून हाका मारत आणि नऊ दिवसांपूर्वीच्या बोलण्याला आज उत्तर देत. त्यामुळे काही अडलं नव्हतं.

मागच्या सोमवारी सकाळी पलीकडच्या मसणवटीतून धूर आला. धुराला तपासणी नव्हती, तो लगेच पोचला. पाठोपाठ भाचा येऊन सांगून गेला, आई गेली. द्वारकाबाई पोटभर रडल्या आणि संध्याकाळी चौकीवर जाऊन बसल्या. अक्काची हाक वेळेवर आली. "द्वारके, लोणच्यात मीठ कमी पडलंय गं."

शनिवारी रात्री दोन्ही देशांची बैठक भरली.

"एवढी आपली मैत्री, आणि हाकेला नऊ दिवस? शोभत नाही," सोनखडच्या चौकीचे अधिकारी पागनीस म्हणाले.

"तुम्ही चौकी मोडा, आम्हीही मोडतो," पैलखडचे खांडगे म्हणाले. "पण आधी तुम्ही."

"छे छे, आधी तुम्ही."

द्वारकाबाई उठल्या. "आत अडकलेल्या हाकांचं काय?"

"नियमाप्रमाणे रद्द, बाई."

"माझ्या अक्काच्या तीन आहेत आत. जन्मभर वाट बघायला लावलीत, आता कसली घाई सुटलीय तुम्हाला? तेवढ्या ऐकू द्या मला. मग चौकी मोडा नाहीतर घळ बुजवा."

खांडग्यांनी चष्मा पुसला. भागीरथीबाईंच्या हाका संपेपर्यंत निर्णय तहकूब, असं ठरलं. दोघांनी सह्या केल्या, चहा झाला.

रविवारची आली, सोमवारची आली. मंगळवारच्या हाकेत नुसता दम होता, शब्द नव्हता. द्वारकाबाईंनी ती डोळे मिटून ऐकली आणि हात जोडले.

बुधवारी त्या चौकीतलं आपलं बसकर न्यायला आल्या.

"बसा," पागनीस म्हणाले. "आहे एक."

शिक्का नऊ दिवसांपूर्वीच्या सोमवार संध्याकाळचा होता.

"अहो, अक्काला तर सकाळीच पोचवलं."

"कागद बरोबर आहेत. मित्रदेशाच्या शिक्क्यावर शंका घेणं बरं दिसत नाही, बाई." त्यांनी हाकेची पेटी उघडली.

"द्वारके," अक्काला जराही धाप लागली नव्हती, "इकडून पायऱ्या फारशा नाहीत गं. येतेस?"

द्वारकाबाईंच्या अंगावर काटा आला, आणि बरंही वाटलं. गुरुवारीही हाक आली, शुक्रवारीही आली. ठराव तहकूबच राहिला.

शनिवारी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. पेटीत वाकून म्हणाल्या, "येते गं अक्का."

पागनीसांनी झाकण लावलं. "नऊ दिवस लागतील."

"लागू देत. त्याआधी मीच पोचते," म्हणत त्या पायऱ्यांकडे वळल्या.

पागनीसांनी अडवलं नाही. माणसांना तपासणी नव्हती.