माणसाले वळखतो का?

आमच्या बिल्डिंगमध्ये भामरे जिभाऊंनी कॅमेरा बाहेर काढला की लोक हळूच चपला शोधायला लागतात. फोटो वाईट येतो म्हणून नाही, फोटो येतच नाही म्हणून. जिभाऊ समोरच्याला उभं करतात, कॅमेरा छातीशी धरतात, मागच्या इवल्या डिजिटल पडद्यात डोकं घालतात आणि बजावतात, "हालू नका. वळखू द्या त्याले." 'त्याले' म्हणजे कॅमेऱ्याला. मग आपण उभे. हसू गालावर वाळून जातं, नाकावर माशी बसते, कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि जिभाऊ अजून पडद्यातच. शेवटी मान हलवून म्हणतात, "नही वळखत. जा." बटण दाबायचं त्यांच्या लक्षातही राहत नाही.

जिभाऊ मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी सिल्वासाला आले आणि धाग्याच्या एका कंपनीत पॅकिंगला चिकटले. काम एकच, जांभळ्या दिव्याखाली धाग्याच्या बॉबिन फिरवून बघायच्या आणि एखादी भलत्या धाग्याची घुसली असेल तर बाजूला काढायची. आयुष्यभर हेच केल्यामुळे की काय, ते माणसाकडेही तसेच बघतात. पहिल्यांदा भेटले तेव्हा मला वाटलं, आता हे मला उचलून बाजूला ठेवणार.

मी नाशिकचा, एका कारखान्यात मेंटेनन्सला. सिल्वासाच्या आमली भागातल्या या बिल्डिंगमध्ये त्यांच्या समोरची खोली मिळाली आणि मी त्यांच्या तावडीत सापडलो. रविवारी जेवायला त्यांच्याकडे. जिभाऊंच्या बायकोच्या, म्हणजे मावशींच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा, आणि त्याचं भाडं म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, असा आमचा अलिखित करार होता.

कॅमेरा खिशात मावेल एवढा, पण त्याचा थाट नवरदेवासारखा. मावशींनी ब्लाउजपीसची अस्तर लावलेली पिशवी शिवलेली. सेलचं झाकण तुटलं म्हणून वर रबर. भिंग अर्ध्यावर अडकायचं, मग जिभाऊ त्याच्या पाठीवर दोन थापट्या द्यायचे, ठसका लागलेल्या पोराला देतात तशा. मी म्हणायचो, "जिभाऊ, मोबाइल घ्या. मशीन म्हातारं झालं की बदलायचं." त्यावर ते, "इंजिनेर, मोबाइल तुमचा. माझ्याकडे हा बरा शे."

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. बायका, म्हातारेकोतारे, लहान मुलं यांचे फोटो जिभाऊ पटकन काढायचे. ताटकळत ठेवायचे ते फक्त तरण्या पोरांना, आणि त्यातही मला जरा जास्तच. मी नवा शर्ट घातला, काढा फोटो. मी गाडी धुतली, काढा फोटो. मला दाढदुखीने गाल सुजलेला, तरी "उभे राहा, वळखू द्या." पुढे पुढे त्यांच्या घरात शिरताना मी आधी त्यांचे हात रिकामे आहेत का ते बघायचो.

एका संध्याकाळी मी तोंड धुऊन, चष्मा न लावता त्यांच्या गॅलरीच्या दारात उभा होतो. पाठीमागे मावळतीचा उजेड. एकदम जिभाऊ ओरडले, "वळखलं! हालू नका, हालू नका!" त्यांचा आवाज इतका कापत होता की मी धावत जाऊन पडदा बघितला. माझ्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट आणि खाली इंग्रजीत नाव, सागर. त्याखाली वय, एकतीस वर्षं. मी तेव्हा तिशीचा.

"काय जिभाऊ, तुमच्या कॅमेऱ्याने माझं परत बारसं केलं की!" मी हसलो. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. जिभाऊ आत गेले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले.

सांगितलं ते मावशींनी, पोळपाटावर नजर ठेवून. "आमचा सागर. त्यानंच आनला व्हता तो कॅमेरा, पहिल्या पगाराचा. त्यानंच आमची तिघांची तोंडं भरली त्यात. नाव, जन्मतारीख, सारं. समोर माणूस आला का तो नाव लिहितो. मंग सागर दोस्तांसंगं दुधनीले निंघाला, धरनावर. कॅमेरा द्या म्हने. हे बोलले, नको, पान्यात पडंल."

थोडा वेळ त्या पीठच चाळवत राहिल्या. "कॅमेरा राहिला," म्हणाल्या.

विशीतला मुलगा गेला. कॅमेऱ्याला ते कुणी कळवलं नाही. तो दर वर्षी इमानेइतबारे सागरचं वय एकाने वाढवत होता, आणि जिभाऊ समोर येईल त्या पोराच्या चेहऱ्यात ते वय बघायला डोकावत होते. कॅमेऱ्याची चूक व्हावी म्हणून एवढी धडपड. त्यानंतर मात्र मी त्यांच्यापुढून पळालो नाही. पण कॅमेऱ्याची ती चूक वरचेवर होत नसे. कधी महिन्यातून एकदा, कधी तीही नाही.

या दिवाळीनंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर उभ्या रेघा आल्या. मग अर्धा पडदा काळा झाला. मी उघडून बघितला, काही होण्यासारखं नव्हतं. जिभाऊंचा चेहरा पडला. "आता?" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "त्याच कंपनीचं नवं मॉडेल घेऊ."

वापीला गेलो. दुकानदार गुजराती, तोंडाने गोड. त्याने जुना कॅमेरा हातात घेतला आणि खूश झाला. "काका, ये तो आजकल कॉलेजवाले ढूँढते हैं. बिगडेला भी ले लूँगा, नए में से कम कर दूँगा." जिभाऊंनी त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि पिशवीत घालून पिशवी शर्टाच्या आत टाकली. मग दुकानदार नव्या मॉडेलचे गुण गायला लागला. झूम, मेगापिक्सल, रात्रीचे फोटो. जिभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते राहू द्या. माणसाले वळखतो का?"

"एकदम! पुरानावालासे दस गुना."

"मंग जुन्यातली वळख नव्यात टाकता येईल का?"

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. "फोटो आ जाएगा, काका. पहचान नहीं आती. वो तो नया करना पड़ेगा. आदमी को सामने खड़ा करके."

जिभाऊ म्हणाले, "बरं." आणि घेतला.

घरी मी नव्या कॅमेऱ्यात जिभाऊंचा चेहरा भरला, मग मावशींचा. मावशींनी त्यासाठी पदर नीट केला. नंतर जिभाऊ खुर्चीवर चढले आणि भिंतीवरचा सागरचा फोटो उतरवला. हार काढला. काचेवर उजेड चमकतो म्हणून मागचे खिळे उचकटून काचही काढली. मग फोटो दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीसमोर धरला आणि त्याच्याकडे वाकून म्हणाले, "हालू नको रे. वळखू दे."

कॅमेऱ्याने चौकट आखली. मी नाव लिहिलं. जन्मतारीख मावशींनी सांगितली, विचारायच्या आधी. पडद्यावर आलं, सागर, बत्तीस वर्षं. फोटोत ओठांवर नुकती मिसरूड फुटलेला पोरगा होता.

जिभाऊंनी कॅमेरा हातात घेतला आणि माझ्याकडे वळले. मी सरळ उभा राहिलो. बराच वेळ गेला. पिवळी चौकट माझ्या चेहऱ्यावर आली असणार, पण जिभाऊ पडद्यातून डोकं काढेनात.

"काय जिभाऊ?"

"काही नही लिहीत." त्यांनी कॅमेरा खाली केला. "हुशार शे हा. चुकत नही."

मावशी काच पुसत होत्या. स्वस्तातलं, आणखी एखादं मठ्ठ मॉडेल का नाही आणलं, असं मला वाटलं. आयुष्यात कधी कुठल्या यंत्राबद्दल असं वाटलं नव्हतं.

मी चष्मा काढून खिशात ठेवला. मोरीत जाऊन तोंड धुतलं, केस ओल्या हातांनी मागे फिरवले, सागरचे फोटोत होते तसे. गॅलरीत मावळतीचा उजेड आला होता. त्याच्याकडे पाठ करून दारात उभा राहिलो.

"जिभाऊ, परत बघा," मी म्हणालो. "मी हालत नाही."

त्यांनी कॅमेरा उचलला. बिनचष्म्याने मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं पडद्यात वाकलेलं पांढरं डोकं दिसत होतं. उजेड गेला, मावशींनी दिवा लावला, तरी ते डोकं वर झालं नाही, आणि मीही जागचा हाललो नाही.