परबकाकांचे व्हिडिओ

दिगंबर परबांशी माझी खरी ओळख लिफ्टमध्ये झाली. त्या वेळी त्यांच्या मोबाईलमध्ये एक म्हातारा गाजर वाजवत होता.

गाजराला भोकं पाडून त्याची बासरी केलेली. म्हातारा कुठल्याशा थंड देशातला, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि बासरी अगदी सुरात. मला ऑफिसला उशीर होत होता. परबकाकांनी एक पाय लिफ्टच्या दारात घालून ठेवला होता.

"काका, खाली जायचंय मला."

"आधी ह्यां बघ, मगे बोल."

गाजर संपेपर्यंत लिफ्ट हलली नाही. शेवटी त्या म्हाताऱ्यानं वाजवून झालेली बासरी कचाकचा खाऊन टाकली, तेव्हा मला हसू फुटलं. काका समाधानानं "हां" म्हणाले, पाय काढला आणि आपल्या घरात निघून गेले. त्यांना लिफ्टनं कुठे जायचंच नव्हतं.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते समोरच्याच दारात राहायचे. तोवर त्यांनी माझ्याशी मान हलवण्यापलीकडे संबंध ठेवला नव्हता. त्या घरात बोलायचं खातं सुनंदाकाकूंकडे. काकू तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून गेटवरच्या कोळणीशी भाव करायच्या आणि तो भाव समोरच्या बिल्डिंगलाही लागू व्हायचा. मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं एवढं कानावर आलं. खिडकी बंद राहू लागली. आणि नेमके तेव्हापासून परबकाका सुटले.

त्यांना हे व्हिडिओ सापडायचे कुठे, देव जाणे. शिलाई मशीनच्या पायडलवर ताल धरणाऱ्या पाच बायका. करवतीवर भूपाळी वाजवणारी जपानी मुलगी. कुणी बर्फाचा ढोल करून बर्फातच बसलेला. कोल्हापूरकडचा एक न्हावी नुसत्या कात्रीवर लावणीचा ठेका धरायचा आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसलेलं असायचं. काका वाण्याच्या दुकानात, दूधवाल्यापाशी, इस्त्रीवाल्यापाशी, कुठेही गाठायचे. मोबाईल समोरच्या माणसाच्या तोंडापुढे धरायचे आणि स्वतः स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून राहायचे. डॉक्टर एक्स-रे बघतो तसे.

सोसायटीच्या ग्रुपवर तर वाट लावली त्यांनी. टाकी धुण्याच्या नोटिशीखाली बादल्या बडवणाऱ्या पोरींचा व्हिडिओ आला, तोवर ठीक होतं. पण नाडकर्ण्यांची आई गेली, सगळे ओळीनं हात जोडत होते, आणि मध्येच परबांच्या शेळ्यांचा कोरस आला. सेक्रेटरींनी त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं.

"काढल्यान माका?" काका मला म्हणाले. "बरां झालां. आता घराघरात जावन दाखवतलंय."

आणि खरोखर दाखवू लागले. त्यांची बेल ओळखून लोक टीव्हीचा आवाज बंद करून घरात नसल्यासारखे बसायचे.

एका रविवारी त्यांचं कुरिअर चुकून आमच्याकडे आलं, ते द्यायला मी गेलो. दार उघडंच होतं. काकू पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. गळ्याशी पांढऱ्या मलमलीचा रुमाल. काका शेजारी बसून त्यांना कात्रीवाला न्हावी दाखवत होते. गिऱ्हाईकानं घाबरून कान झाकले तसे काकूंचे खांदे हलायला लागले. तोंड उघडं, डोळे मिटलेले, पण हसण्याचा आवाज नाही. नुसती रुमालाखालून हवा येत होती, सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. हात चटकन गळ्यावर गेला आणि त्या भिंतीकडे वळल्या.

काका मला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"स्वरयंत्रच काढल्यानी," ते म्हणाले. "भोकातून श्वास घेता. लिवन दाखव म्हटलां तर पेन फेकून देता. माका हाक मारूची तर टाळी वाजवता. चाळीस वर्षां माझ्यावर वराडली रे ती. आता टाळी!"

"आणि हे व्हिडिओ?"

"आधी तुमच्यावर ट्राय करतंय. तू हसलंस काय तिका दाखवतंय. सेक्रेटरी कशाकच हसणा नाय, तेका सोडून दिलंय."

"पण आधी आमच्यावर कशाला?"

त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग सांगितलं. ऑपरेशननंतर त्यांना नेटवर एक गायनवृंद सापडला होता. परदेशातला. सगळी काकूंसारखीच, गळ्याला भोक असलेली माणसं, ओळीनं उभी राहून गात होती. घोगरं, तुटक, ढेकर दिल्यासारखं, पण गात होती. काका आनंदानं पळतच तो व्हिडिओ घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी तो अर्धा बघितला, मोबाईल पलंगावर उलटा ठेवला आणि तोंडावर चादर घेतली. दोन दिवस जेवल्या नाहीत.

"माका वाटला, तिका धीर येतलो," काका म्हणाले. "तिका वाटला, मी तिका दाखवतंय ती आता कशी दिसता. तेव्हापासून न तपासता काय नेणा नाय."

त्यानंतर मी लिफ्टमध्ये पाय अडकवायची वेळ त्यांच्यावर आणली नाही. नीता, माझी बायको, तीही वाट्टेल त्याला हसू लागली. पण काका फसायचे नाहीत. "खोटा हसतंस," म्हणायचे आणि दुसरा काढायचे.

पावसाळ्यानंतर काकूंचं दुखणं परत आलं, या वेळी फुप्फुसात. हॉस्पिटलात त्या कुठल्याच शेळीला, न्हाव्याला हसल्या नाहीत. एका दुपारी मी भेटायला गेलो होतो. काका एकामागून एक व्हिडिओ पुढे सरकवत होते. काकूंनी त्यांचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मग मोबाईलकडे बोट केलं. काकांना कळेना. काकूंनी ओठ हलवले, पुन्हा गळा दाखवला, हवेत माणसांची ओळ काढून दाखवली.

"तो? ती गाणारी माणसां?" काका घाबरून म्हणाले. "नको गो. तो नको."

काकूंनी टाळी वाजवली. जोरात वाजवायचं बळ नव्हतं, पण वाजवली.

काकांनी तो लावला. तेवढ्या वेळात त्यांनी मोबाईलकडे पाहिलं नाही, काकूंकडेही नाही. खिडकीबाहेरच्या वॉटर टँकरकडे बघत राहिले. काकू मात्र शेवटपर्यंत बघत होत्या. त्यांना गाण्याची भाषा येत नव्हती, पण त्या माणसांबरोबर त्यांचे ओठ हलत होते. संपला तसा पुन्हा लावायला लावला. त्या आठवड्यात त्यांनी दुसरं काहीच बघितलं नाही, आणि त्या आठवड्याअखेरीस त्या गेल्या.

परबकाकांचे व्हिडिओ बंद झाले. इस्त्रीवाल्यानं मला दोनदा विचारलं, "चाचा का फोन बिगड गया क्या?"

मग एका सकाळी आमची बेल वाजली. दारात काका, हातात मोबाईल नाही.

"मिलिंद, तुझ्या फोनात तिचो आवाज आसात काय रे?"

मला चटकन समजलं नाही.

"दुनियेचे आवाज गोळा केलंय," ते म्हणाले, "पण हिचो एकय नाय. तां रोजचांच होतां, कोण रेकॉर्ड करतलो? मालवणक भावाक विचारलां, मुलग्याक विचारलां. फोटो आसत ढीगभर. आवाज खंयच नाय. सेक्रेटरीच्या घरीसुद्धा जावन इलंय."

मी माझा फोन शोधला. काही नव्हतं. नीता तिचा घेऊन बसली. जुने गणपती, हळदीकुंकू, सहली, एकेक उघडून ऐकू लागली. काका खुर्चीच्या टोकावर बसून होते. पाणीही घेतलं नाही.

शेवटी आमच्या लेकीच्या, ऋचाच्या वाढदिवसाचं औक्षण निघालं. चित्रात ऋचा, तबक, माझ्या आईचे हात. काकू कुठेच दिसत नव्हत्या. पण कॅमेऱ्याच्या मागून, कुठूनतरी दारातून, खणखणीत आवाज आला:

"पंखो बंद कर गो, निरांजन विझतलां!"

एवढंच. पुढे सगळे टाळ्या वाजवत होते.

काकांनी नीताच्या हातातून फोन घेतला. पुन्हा लावला. चित्राकडे बघितलं नाही, फोन कानाला लावून ऐकलं. मग फोन अलगद टेबलावर ठेवला, उठले आणि भिंतीपाशी जाऊन आमचा पंखा बंद केला.

मे महिना होता. पाती फिरत फिरत थांबली. काका परत येऊन बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. आम्ही तिघं तसेच घामाघूम बसून राहिलो, आणि पंखा लावू का, असं कोणीच विचारलं नाही.