दादासाहेबांच्या लेकीची गरिबी

गरिबी सगळ्यांनाच परवडते असं नाही. त्यासाठी आधी थोडी जमीन विकलेली असावी लागते. पिंपळे सौदागरच्या दादासाहेबांनी ती वेळेवर विकलेली होती. त्यामुळे त्यांची कन्या तेजस्विनी ‘खरे सूर, खरी माणसं’ या गाण्याच्या रिॲलिटी शोमध्ये निवडली गेली, तेव्हा त्यांनी लाभाचं गणित शांतपणे मांडलं. दर शनिवार-रविवारी लेक टीव्हीवर दिसणार. लेकीशेजारी बाप दिसणार. आणि बाप घराघरात दिसला, की दोनदा हुकलेलं नगरसेवकपदाचं तिकीट तिसऱ्यांदा हुकायचं काही कारणच उरणार नाही.

वाहिनी सत्याच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होती. सत्यासाठी तिथे स्वतंत्र विभागच होता (सहा माणसं, रविवारीही हजर). विभागप्रमुख प्राजक्ता मॅडमनी तेजस्विनीचा अर्ज तपासला. ‘संघर्ष, किमान दोन’ या रकान्यात तिने ‘पार्किंग’ एवढंच लिहिलं होतं. ‘वडील’ या रकान्यापुढे ‘दिवंगत असल्यास प्राधान्य’ असं छापलं होतं. तिथे दादासाहेबांनी स्वतः सही ठोकली होती.

“सर, तुमचं घर खरं वाटत नाहीये,” मॅडम म्हणाल्या.

“आवो, चार मजली हाय! लिफ्ट हाय!”

“तेच म्हणतेय मी.”

मग दादासाहेबांच्याच भाड्याच्या खोल्यांतली पत्र्याची एक खोली खरी ठरवण्यात आली. तिच्यात ज्योतीराम राहायचा. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. दादासाहेबांनी तिथे गरीब बाप म्हणून बसायचं होतं, पण हातातलं सोन्याचं कडं निघेना. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी सोनार आणला. सोनारानेही हात टेकले. तेव्हा बापही ज्योतीरामच असावा, असं सर्वानुमते ठरलं. दादासाहेबांना अंतिम फेरीत ‘मदतीला धावून आलेले थोर घरमालक’ म्हणून आणायचं कबूल झालं.

“मालक, माझी फर्स्ट शिफ्ट हाय. अन् मला पोरगीच नाही की.”

“आता हाय. रडता येतं का?”

“ओव्हरटाइम बुडाला की येतंच.”

“मग बुडव.”

ज्योतीराम पहिल्याच भागात असा रडला, की परीक्षकांना गाण्यातलं काही आठवेना.

हे कार्यक्रम बघतं कोण, याचीही नोंद करायला हवी. शेजारच्या दोनशे बारा फ्लॅटच्या सोसायटीत मी चौकशी केली. बघतो म्हणणारे नऊ. ‘आम्ही नाही बघत, घरात नुसता चालू असतो’ म्हणणारे दोनशे तीन. (ज्योतीराम कितव्या भागात पाय घसरून पडला, हे या दोनशे तिघांनी मला मिनिटासकट सांगितलं.)

इथे दादासाहेबांच्या भाच्यांचं प्रेम आडवं आलं. घरातलं कुणी दहावी पास झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. मग हा तर टीव्ही! रातोरात वीस फुटी फ्लेक्स उभा राहिला: ‘दारिद्र्याशी झुंजणारी आमची तेजूताई.’ खाली गॉगल लावलेले चौसष्ट शुभेच्छुक. मधोमध, कानाला फोन लावलेले दादासाहेब, कडं ठळक. फोटो सकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. गरीब पोरीचे नातेवाईक एवढे धष्टपुष्ट कसे, अशी विचारणा सुरू झाली.

सत्य विभागाची तातडीची बैठक झाली आणि चाळीस मिनिटांत सत्य सापडलं: फ्लेक्सवरचा माणूस म्हणजे सख्ख्या भावाची जमीन लाटून त्याला पत्र्याखाली ढकलणारा निर्दय चुलता. फ्लेक्स तीनदा संथगतीने दाखवला, प्रत्येक वेळी वीज कडाडली. मग ज्योतीरामला विचारलं, “या माणसाने तुमच्यासोबत काय केलं?”

ज्योतीराम प्रामाणिकपणे म्हणाला, “दर वर्षी भाडं वाढवलं.”

(संपूर्ण कार्यक्रमातलं हे एकमेव खरं वाक्य. ते कापायचं राहून गेलं.) सख्ख्या भावाकडून भाडं! महाराष्ट्र हळहळला. चौथ्या मजल्यावर दादासाहेबांच्या पत्नी छबूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “काय मेला चुलता हाय!”

“अगं, त्यो मी हाय!”

“आवो, गप बसा की. ऐकू द्या.”

पक्षाने लोकभावनेचा आदर करून तिकीट ज्योतीरामला दिलं. तो चार हजार मतांनी निवडून आला. छबूबाईंचं मत त्यात धरून.

आता हे सगळं कुणाला केवढ्याला पडलं ते पाहू. वाहिनीला काहीच नाही. ज्योतीरामला पहिली शिफ्ट, जिचं त्याला दुःख नाही. दादासाहेबांना तिकीट आणि चौकातून ताठ मानेनं जाण्याची सोय. उरलेलं सगळं तेजस्विनीने भरलं: ती उपांत्य फेरीतच बाहेर पडली. त्या रात्री ती फार सुरेख गायली होती म्हणतात. पण ती कशी गाते, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. परीक्षकांनी नाही, बापाने नाही आणि इथवर हसत आलेल्या तुम्हीही नाही.