राणीला सहा पाय

साहेब निवृत्त झाले तरी सगळे त्यांना साहेबच म्हणत. नोकरीत त्यांनी प्रत्येक अहवालाचं फक्त शेवटचं पान वाचून सही केली, आणि एकही सही अंगाशी आली नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. माहितीची पुस्तकंही ते तशीच वाचत. कादंबरीला मात्र हात लावत नसत.

"खोटं वाचायला मला वेळ नाही."

"हो ना, कामाचा नुसता डोंगर पडलाय!" बाईसाहेब रहस्यकथेतून मान वर न काढता म्हणत.

त्या शनिवारी वाचनालयात साहेबांचं मधमाश्यांवर भाषण होतं. विषय त्यांनी स्वतःच मागून घेतला होता. घरात मधमाश्यांचं पुस्तक आलं, बाईसाहेबांची नवी रहस्यकथाही आली. सूनबाईंनी हौसेनं दोन्हींना सारखी खाकी कव्हरं घातली, आणि डिंक इतका सढळ हातानं लावला की नावाची पानं पुठ्ठ्याला चिकटून बसली.

"यातलं माझं कुठलं गं?"

"जाड तुमचं, बाबा," सुनेनं ठोकून दिलं. माहितीचं पुस्तक जाडच असणार!

साहेबांनी जाड पुस्तक काखोटीला मारलं. सभागृह भरत आल्यावर त्यांनी सवयीनं शेवटचं पान उघडलं. 'खुनी दुसरातिसरा कोणी नसून...' एवढं वाचून त्यांनी पुस्तक फटकन मिटलं. ते व्यासपीठावरच्या खुर्चीतून पुढे वाकले. पहिल्या रांगेत बाईसाहेब बारीक पुस्तकात बुडाल्या होत्या.

"अगं, घात झाला! तुझं पुस्तक माझ्याकडे आलंय."

"अगंबाई! तरीच म्हटलं, राणीला सहा पाय कसे!"

"दे ते इकडे."

"मुळीच नाही. राणीविरुद्ध कट शिजलाय. मी अर्ध्यावर सोडणार नाही."

"माझी अब्रू जातेय इथे!"

तेवढ्यात ग्रंथपालांनी नाव पुकारलं. साहेब कसेबसे उठले आणि म्हणाले, "आज... आमच्या सौ. बोलतील."

बाईसाहेबांनी नवऱ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि पुस्तक घेऊन उभ्या राहिल्या. "राणी म्हातारी झाली, हे आधी कामकरी माश्या ओळखतात. मग त्या गुपचूप नवी राणी वाढवायला घेतात."

"आणि जुनीचं काय होतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"मलाही तेच बघायचंय," म्हणत त्यांनी पान उलटलं आणि पुढचं मोठ्यानं वाचायला घेतलं. पहारेकऱ्यानं किल्ल्या वाजवल्या तरी कुणी जागचं हललं नाही. व्यासपीठावर साहेबांना काहीच काम नव्हतं. त्यांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं, तेही पहिल्या पानापासून.

"पुढच्या महिन्यात ज्वालामुखीवर बोलाल का?" निघताना ग्रंथपालांनी विचारलं. बाईसाहेबांनाच.

घरी जाताना साहेब प्रत्येक दिव्याखाली थांबून दोन-चार ओळी वाचून घेत होते.

"खबरदार, मला खुनी सांगाल तर!" बाईसाहेबांनी दरडावलं.

"मला तरी कुठे माहितीय? शेवटच्या पानांना टाचणी लावून टाकलीय मी." साहेब पुढच्या दिव्याखाली पुन्हा थांबले, पण आता ते वाचत नव्हते. चेहरा पार उतरला होता.

"काय झालं हो?"

"अगं, मी सह्या ठोकल्या त्या अहवालांत," साहेब हळूच म्हणाले, "आधीच्या पानांवर काय असेल गं?"