शंकररावांचा डबा आणि बोलोन्याची पडवी

आमचे व्याही शंकरराव लेकीच्या घरी येतात, पण जेवतात जिन्यात.

हे सगळं जर्मनीतलं. बॉबलिंगेनला माझा मुलगा प्रमोद गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे, मीही आता त्याच्याकडंच असतो. सून ऋतुजा, तीही नोकरी करते. तिचा बाप म्हणजे हे शंकरराव. ते फ्रँकफर्टला आपल्या मुलाकडं उतरतात आणि अधूनमधून रेल्वेनं लेकीला भेटायला येतात. काखेत डबा, खांद्याला पाण्याची बाटली. जेवायची वेळ झाली की "येतो जरा" म्हणायचं, दाराबाहेर जायचं, पायरीवर पेपर पसरायचा आणि डबा सोडायचा.

का, तर नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही.

"रिवाज आहे, दुसरं काय," एवढंच म्हणायचे.

रिवाज मलाही ठाऊक आहे. मी चौथी नापास असेन, रिवाजात नापास नाही. पण आमच्याकडं लेकीचं घर चार कोसांवर असायचं. सकाळी जायचं, दिवेलागणीला परत येऊन आपल्या घरी जेवायचं. विमानात बसून आलेल्या माणसानं रिवाजाला थोडी ढील द्यायला काय हरकत आहे? बरं, हेच शंकरराव पहिल्या खेपेला आले तेव्हा लेकीच्या हातचा चहा पिऊन गेले होते, असं प्रमोद सांगतो. मग पुढच्या खेपेपासून एकदम डबा. मी म्हणायचो, वय झालं, डोक्यात काहीतरी बसलं असेल.

डबा मात्र नंबरी. थालीपीठ, लसणाची चटणी, कधी भरलं वांगं. मुलाच्या बापानं व्याह्याच्या डब्याकडं बघू नये, म्हणून मी बघत नसे. वास यायचा, त्याला इलाज नव्हता.

एकदा खालच्या मजल्यावरच्या केलरबाईंनी त्यांना पायरीवर जेवताना बघितलं. म्हातारी सरळ वर आली आणि बोट नाचवत ऋतुजाला फाडफाड बोलली. तिचा समज असा, की पोरीनं बापाला घराबाहेर काढलंय. ऋतुजा लाल होऊन जर्मनमध्ये समजावत होती. म्हातारी मान हलवायची, "या, या" म्हणायची. इथं 'या' म्हणजे 'हो'. पण तोंडावरून दिसत होतं, एक शब्द पटलेला नाही. दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा केक घेऊन आली आणि जिन्यात शंकररावांच्या शेजारी बसली. त्यांनी दोन तुकडे खाल्ले.

मी म्हटलं, "अहो व्याही, लेकीचं पाणी चालत नाही आणि परक्या बाईचा केक चालतो?"

"ती काय माझी लेक आहे?"



मला गंमत वाटायची, ऋतुजाला वाटत नव्हती. तिची आई लवकर गेली, माहेरचं मोठं माणूस म्हणजे हा एकच बाप, आणि तो जिन्यात. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "बाबा, मी अण्णांचं काय केलंय हो?" त्यातून आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि ते टिकले नव्हते. यंदा पुन्हा गेले. पाचवा लागला तरी घरात कुणी त्याबद्दल मोठ्यानं बोलत नव्हतं.

डॉक्टरीण म्हणाली, थोडं हिंडाफिरा. प्रमोदनं इटलीतलं बोलोन्या काढलं. म्हणे तिथं सगळं गाव छपराखालून चालता येतं, ऊन नाही, पाऊस नाही. शंकररावही निघाले, अर्थात डबा घेऊन.

इटलीबद्दल माझं मत आधी बरं नव्हतं. पण ते गाव बघून बदललं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराला लागून पडवी, तिला लागून पुढच्या घराची पडवी. कुठं दगडी खांब, कुठं जुने लाकडी वासे. बाहेर पाऊस पडतोय आणि आत माणसं कॉफी पीत, भांडत, पोरांना ओढत आरामात चाललीत.

शंकरराव मात्र छत्री उघडून भर रस्त्यातून चालले होते.

"अण्णा, आत या ना," ऋतुजा म्हणाली.

"छप्पर कुणाचं आहे?"

प्रमोद म्हणाला, "ज्याचं घर त्याचं. पण खालून चालायचा हक्क सगळ्यांचा. जुना कायदा आहे इथला."

"म्हणजे घरमालकाचे उपकार नाहीत?"

"नाहीत."

"नक्की?"

"गेनाऊ, अण्णा. अगदी नक्की."

तेव्हा कुठं छत्री मिटली. मग मात्र गडी खुशीत. प्रत्येक खांबाला हात लावून बघायला लागला. "बघा व्याही, बांधायचं आपण आणि चालायचं जगानं. याला म्हणतात माणुसकी." मी म्हटलं, आमच्या गावात ओटा बांधला की कुणी बसू नये म्हणून आधी त्यावर काचा लावतात. प्रमोद हसला. ऋतुजाही हसली, किती तरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सान लुकाला निघालो. डोंगरावर मेरीमातेचं देऊळ आहे आणि गावापासून पार तिथपर्यंत पडवी चढत जाते. कमानीमागून कमान, संपायचं नाव नाही. पायऱ्या सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात ऋतुजा भिंतीला टेकून खाली बसली. तोंड पांढरं, कपाळावर घाम. प्रमोद फोन काढून डॉक्टरीणबाईंना लावायला लागला.

मी शंकररावांकडं बघितलं. ते खांबाला धरून उभे होते आणि पुटपुटत होते, "मी काही घेतलं नाही. यंदा मी काहीच घेतलं नाही."

"काय नाही घेतलं?" मी विचारलं.

"व्याही, त्या वेळी मी हिच्या घरी चहा घेतला. सगळे म्हणाले, जमाना बदलला, घ्या. घेतला. आठवड्यात फोन आला, पोर गेलं म्हणून." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "यंदा थेंबसुद्धा घेतला नाही हो."

ऋतुजानं ऐकलं होतं. भिंतीला टेकल्या टेकल्याच म्हणाली, "अण्णा, चहानं नाही हो गेलं ते."

"मला काय कळतंय त्यातलं. मी आपलं माझ्याकडून पाळतो."

"सकाळपासून काही खाल्लंय का पोरी?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. हॉटेलातला तो गोड पाव तिला बघवला नव्हता.

शंकररावांनी तिथंच बसकण मारली, डबा सोडला आणि थालीपीठ मोडून लेकीला भरवायला लागले. एक घास, दुसरा घास, मधे त्यांच्या बाटलीतलं पाणी. वर चाललेली माणसं बाजूनं वाट काढून जात होती, कुणी हटकलं नाही. तिकडं डॉक्टरीण फोनवर आली. दुखत नाही ना, अंगावरून काही जात नाही ना, तर मग खाऊ द्या, निजू द्या, उद्या दाखवा, म्हणाली. अर्ध्या थालीपिठानं पोरीच्या गालांवर रंग आला. मग तर म्हणाली, "चटणी द्या की जरा."

देऊळ राहिलंच. शंकररावांनी वर डोंगराच्या दिशेनं हात जोडले, खांबाला एकदा थोपटलं आणि आम्ही परत फिरलो. बॉबलिंगेनला तपासलं, सगळं ठीक होतं.

उन्हाळ्यात नात झाली. बाळ-बाळंतीण घरी आल्या त्या दिवशी शंकरराव फ्रँकफर्टहून आले. काखेत डबा होताच. केलरबाई जिन्यात केक घेऊन उभ्या. पण हे पायरीवर थांबले नाहीत. घरात आले, हातपाय धुतले, नातीला बघितलं, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले.

"ऋतू, पाणी दे."

तिनं नळ सोडला. पेला भरून वाहायला लागला तरी ती पाठमोरीच उभी. मग दिला. त्यांनी एका दमात संपवला आणि पेला पुढं केला.

"आणखी दे. गोड आहे गं पाणी तुमच्याकडचं."

डबा तसाच टेबलावर पडला होता. केलरबाईंना मी आत बोलावलं आणि डबा माझ्याकडं ओढला. शंकररावांनी बघितलं.

"व्याही, हे काय?"

"रिवाज आहे," मी म्हटलं, "दुसरं काय."