शालनआक्कांच्या माश्या

शालनआक्का आमच्या घरी चहाला म्हणून कधी येत नाहीत. येतात त्या थेट परसातल्या पेरूच्या झाडाखाली जाऊन वाकतात. सडकं फळ सापडलं, की तिथूनच ओरडतात, "आगं ए मास्तरीण! हितं माश्यांचं बाळंतपण चाललंय, आन तू भाकऱ्या थापतीयास व्हय?"

मी गावच्या शाळेत शिकवते, आक्का माझ्या शेजारी राहतात. आमच्या कोरड्या माण तालुक्यात त्यांनी ठिबकवर दीड एकर पेरू जगवलाय. नवरा मुंबईत कामाला, एकुलती लेक माधवनगरला दिलेली. घरात आक्का, दोन शेळ्या आणि फळमाशीची धास्ती.

ही माशी पेरूत अंडी घालते. फळ आतून किडतं आणि वरून काही कळत नाही. म्हणून आक्कांनी बागभर कामगंध सापळे टांगलेत. प्लास्टिकचा डबा, आत वासाची वडी. वासाला भुलून नर माश्या आत शिरतात आणि तिथंच मरतात.

"नवराच आला न्हाई तर ती अंडी कुठनं घालंल?" आक्का समजावून सांगतात. "नवऱ्याची वाट बघनं काय असतंय, ते मला इचार!"

रोज सकाळी त्या सापळे उघडून बघतात. माश्या पुष्कळ निघाल्या, तर घाबरतात. कमी निघाल्या, तर जास्तच घाबरतात. एकदा एक सापळा रिकामा निघाला, तर धापा टाकत वर्गाच्या दारात हजर. "येक बी न्हाई गं! मग गेल्या कुठं?"

सगळा वर्ग हसला. आक्का हसल्या नाहीत.

पावडर लावून त्यांच्या बागेत जायची सोय नाही. "तुझ्या वासानं माश्यांचा इचार बदलंल." गावात कुणाच्याही झाडाखाली पडलेले पेरू त्या पाटीत गोळा करतात आणि खड्ड्यात पुरतात. त्यांची पाटी दिसली, की लोक पटकन दार लावून घेतात.

यंदा तोडणी झाली. माल न्यायला आलेल्या माणसानं चार पेरू कापून बघितले आणि "लय भारी" म्हणाला. आक्कांना ते पुरलं नाही. दोन दिवस उन्हात धरून धरून त्यांनी दहा पेरू निवडले आणि मला म्हणाल्या, "ऐतवारी माधवनगरला येतीस का? एकटीला धीर व्हत न्हाई."

विट्याला गाडी बदलल्यावर त्या बोलल्या. तीन वर्षांपूर्वी बागेचं पहिलं फळ त्यांनी लेकीकडं पाठवलं होतं. सासूनं पाहुण्यांसमोर पेरू कापला, तर आत अळ्या. "पोरगी फोनवर नुस्ती रडली गं. माझ्या हातची चूक, तिच्या माथी बसली." सापळे त्यानंतर आले. लेकीच्या दारात मात्र आक्का पुन्हा गेल्या नव्हत्या.

गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचे पाय थांबले. "तूच ने. आदी कापाय लाव."

लेकीनं दार उघडलं आणि माझ्यामागं कुणी आहे का, ते पाहिलं. सासूबाईंनी पेरू कापला तेव्हा मीही वाकून बघितलं. आत स्वच्छ, पांढरा गर. मग मी सगळं सांगून टाकलं, आक्का कोपऱ्यावर थांबल्यात हेही.

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "आवं, पेरवात अळी निघायचीच की! आमी म्हटलं, विहीणबाई आमच्यावरच रुसल्या."

"मी अळीसाठी रडलेच न्हवते," लेक म्हणाली. "खोकं उघडलं आन घराचा वास आला, म्हणून रडले." एवढं बोलून ती अनवाणीच बाहेर धावली. मी तिच्या मागं.

आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. लेकीला पळत येताना बघून त्यांचा चेहराच उतरला. "काय झालं? निघाली का अळी?"

लेकीनं मिठीच मारली. आक्का तिच्या खांद्यावरून मलाच विचारत राहिल्या, "आगं सांग की, निघाली का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा कुठं त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.