ॲम्प मंचावर दिसला पाहिजे

गिटारपेक्षा जड काहीही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी खलीलभाईंना बजावलं, तेव्हा ‘झुळूक’ ऑर्केस्ट्राच्या इतिहासातलं एक युग संपलं. कारण खलीलभाईंचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं ते लाकडी धूड, गिटारपेक्षाच काय, खुद्द खलीलभाईंपेक्षाही जड होतं. ऑर्केस्ट्रात सगळे त्याला ‘म्हैस’ म्हणत. म्हैस उचलायला चौघं लागत. तिच्या पोटातले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळ्यांचा चहा होऊन जाई, आणि मग तिच्यातून असा काही उबदार सूर निघे की देवळालीच्या एका लग्नात नवरदेव बोहल्यावर चढायचं सोडून मांडवातच ऐकत उभा राहिला होता. हल्ली असे नवरदेवही राहिले नाहीत. ते स्वतःचाच व्हिडिओ काढण्यात गुंतलेले असतात.

पुढे व्हॉल्व्ह मिळेनासे झाले, म्हैस आटली. मग खलीलभाईंच्या मुलीने, अरफाने, अब्बांना मॉडेलर आणून दिला. मॉडेलर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक डबी. जगातल्या नावाजलेल्या ॲम्पचे आवाज तिच्यात भरलेले. पायाने बटण दाबायचं आणि हवा तो ॲम्प निवडायचा. डबीतून निघालेली वायर थेट सभागृहाच्या स्पीकरला जोडायची, मंचावर ॲम्प ठेवायचं कामच नाही. खलीलभाईंनी आधी नाक मुरडलं. मग बटणं दाबता दाबता एक आवाज असा लागला की त्यांनी डोळे मिटले आणि बायकोला हाक मारली, ‘शहनाज, अगं ऐक! म्हैस!’

‘झुळूक’ला पन्नास वर्षं झाली म्हणून शहरातल्या एका सभागृहात मोठा कार्यक्रम ठरला. सभागृहाच्या नियमाप्रमाणे दुपारी साहित्याची तपासणी होती. ज्याचं साहित्य नापास, तो वादक मंचाबाहेर. कीबोर्डवाला निश्चिंत होता. त्याच्या कीबोर्डमध्ये गिटारचंही बटण होतं आणि ते तो सकाळपासून सगळ्यांना दाबून दाखवत होता.

ऑर्केस्ट्राच्या मालकीण आणि गायिका अक्काबाई सत्तरी ओलांडलेल्या. आवाज अजून खणखणीत आणि जीभही. ‘खलील,’ त्या म्हणाल्या, ‘पन्नास वर्षं तुझ्या गिटारीवर मी गाणं उचलते आहे. आज तू बाहेर राहिलास तर त्या बटणावर गावं लागेल. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला मिक्सर लावा.’

आपली डबीही बटणाचीच, हे खलीलभाईंच्या मनात येऊन गेलं. ते त्यांनी मनातच ठेवलं.

तपासणीला स्वतः व्यवस्थापक गोरक्ष शिरसाठ आले. कधीकाळी कुणा वादकांनी एकदम सहा ॲम्प जोडून सभागृहाचे फ्यूज उडवले होते. तेव्हापासून मंचावर दोनच ॲम्प, असा नियम झाला होता आणि तो पाळला जावा म्हणून शिरसाठांची नेमणूक झाली होती. फ्यूज पुढे बदलले. नियम आणि शिरसाठ तसेच राहिले.

त्यांनी डबीच्या खोक्यावरची जाहिरात बोट ठेवून वाचली. ‘एकशे वीस ॲम्प?’

‘आवाज आहेत, साहेब. ॲम्प नाहीत.’

‘खलीलभाई, इथे छापलंय. परवानगी दोनची. उरलेले एकशे अठरा बाहेर काढा.’

‘पुसून टाकतो.’

‘सभागृहाच्या आवारात साहित्य नष्ट करायला मनाई आहे. गेटवर जमा करा.’

खलीलभाई डबी उलटी करून पाहू लागले. अरफा मात्र आजकालची मुलगी. तिने एकशे अठरा आवाज डबीतून आपल्या मोबाईलमध्ये घेतले आणि मोबाईल गेटवर दिला. वॉचमनने त्याला टोकन बांधलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘यातलं काही नाजूक हाये का? मंग आडवं ठेवत नाय.’

‘आता उरलेले दोन दाखवा,’ शिरसाठ म्हणाले.

‘या डबीतच आहेत.’

‘मला दिसत नाहीत. नियमात स्पष्ट आहे, ॲम्प मंचावर दिसला पाहिजे. दिसलाच नाही तर मी सील कुठे ठोकू? आणि सील नसेल तर तुम्ही वाजवता ते विनापरवाना. सबब, गिटार बाहेर.’

कीबोर्डवाल्याने हळूच गिटारचं बटण दाबलं. अक्काबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने लगेच सनईचं दाबलं.

‘खलील, म्हैस कुठाय?’

‘आत काही उरलं नाही, अक्का. नुसतं लाकूड.’

‘त्यांना बघायचीच आहे ना? बघू देत. आणव तिला.’

खलीलभाईंनी घरी फोन लावला. शहनाज लासलगावची. तिच्या आवाजाला फोनची फारशी गरज नसे, त्यामुळे तिचं उत्तर सगळ्यांना ऐकू आलं. ‘अरफाचे अब्बा, त्याच्यात माझे कांदे हायेत! पुढनं जाळी, मागनं हवा, एक कांदा सडत नाय. बाहेर ओतले की सालं निघतात, मग टिकत नाय. न्यायचं तर कांद्यासकट न्या. आन् मी संगं येणार.’

म्हैस छोट्या टेम्पोतून आली, शेजारी शहनाज. चौघांनी ती मंचावर चढवली. खलीलभाई डॉक्टरांचं ऐकून हात मागे बांधून उभे राहिले. शिरसाठांनी बोटाने लाकूड वाजवून पाहिलं.

‘भरीव आहे,’ ते समाधानाने म्हणाले. ‘हल्ली लोक पोकळ माल आणतात. वास कसला येतोय?’

‘मुरलेलं यंत्र आहे,’ अक्काबाई म्हणाल्या. ‘वास येणारच.’

शिरसाठांनी भलामोठा खिळा घेऊन सभागृहाचा पत्र्याचा बिल्ला म्हशीच्या कुशीत ठोकला. आत काहीतरी कचकन फुटलं. शहनाजने डोळे मिटून घेतले. खाली उतरता उतरता शिरसाठ थबकले. ‘डबीत दोन, हा एक. तीन होतात. डबीतला एक काढा.’

अशा रीतीने खलीलभाईंच्या हाती एकशे विसांपैकी एक आवाज राहिला. त्यांनी जुन्या म्हशीसारखा वाजणारा तेवढा ठेवला. तेवढाच त्यांना हवा होता.

कार्यक्रम रंगला. अक्काबाईंनी पहिली तान घेतली, खलीलभाईंनी तिला मागून अलगद हात दिला, आणि चाळीस वर्षांपूर्वी याच दोघांच्या गाण्यांवर ज्यांची लग्नं जमली होती, ती जोडपी खुर्च्यांत जवळ सरकली. डबी खलीलभाईंच्या पायाशी काळ्या कापडावर होती, आणि तीही काळीच. ती कुणाला दिसली नाही. सगळे म्हशीकडे पाहत होते.

मध्यंतरात वाळूअण्णा आहेर मंचावर चढले. नाशिकमध्ये कुठल्याही कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून मान हलवणारे ते जाणकार. हल्लीच्या डिजिटल आवाजात जीव नसतो, हे त्यांचं मत शहरात प्रमाण मानलं जाई. ते म्हशीपुढे वाकले, जाळीला चेहरा टेकवला, आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

‘याला म्हणतात अस्सल,’ ते गदगदून म्हणाले. ‘यंत्र बंद आहे, तरी भिडतं!’

मग रांग लागली. एकेक जण वाके, जाळीशी श्वास घेई आणि रुमाल काढून उतरे. आजवर खलीलभाईंच्या वादनावर एवढं कुणी रडलं नव्हतं. एकाने तर म्हशीला नमस्कार केला आणि खलीलभाईंना जरा बाजूला व्हायला सांगितलं.

हे मात्र त्यांच्या जिवाला लागलं. मध्यंतर संपताच त्यांनी माईक हातात घेतला. ‘मंडळी, गैरसमज नको. सबंध संध्याकाळ आवाज या डबीतून येतोय. हा ॲम्प कधीच मेला. यात कांदे आहेत.’

सभागृह खो खो हसलं. टाळ्या पडल्या. ‘काय विनय आहे!’ वाळूअण्णा मोठ्याने म्हणाले.

खलीलभाईंनी म्हशीच्या पाठीत हात घातला आणि एक कांदा वर धरला.

हसू थांबलं. आता खुर्च्या उडतील, असं अरफाला वाटलं. शिरसाठ धावत विंगेत आले. त्यांनी डोक्यातल्या डोक्यात नियम चाळले आणि जाहीर केलं, ‘ॲम्पच्या आत काय असावं, याचा नियमात उल्लेख नाही. सील वैध आहे.’

तेवढ्यात वाळूअण्णा उभे राहिले. डोळे अजून लाल होते. त्यांनी घसा खाकरला.

‘खलीलभाई, कांदा कुठला? लाल की उन्हाळ?’

उत्तर विंगेतून शहनाजने दिलं. ‘उन्हाळ! लाल कोण ठेवतंय? तो टिकत नाय.’

‘तरीच!’ वाळूअण्णा मागे वळून सगळ्यांना म्हणाले. ‘तरीच सुराला एवढी गोलाई!’ आणि सभागृह पुन्हा टाळ्यांनी भरून गेलं.

खलीलभाईंची जागा पक्की झाली. त्यांची पाठही वाचली, कारण म्हैस उचलण्याचा मान मिळावा म्हणून आता जाणकारांमध्येच चढाओढ असते. शहरातले तरुण गिटारवाले खांद्याला मॉडेलर अडकवून येतात आणि मागून टेम्पोत कांदे येतात. अंबडच्या एका कारखान्यात हवेशीर जाळीची खोकी बनू लागली आहेत. शिरसाठांनी नियमात दुरुस्ती केली आहे, ‘कांदा मंचावर दिसला पाहिजे.’ जाणकारांत दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते लाल कांद्याने आवाजाला धार येते. दुसरा तट उन्हाळ कांद्याच्या उबेवर ठाम आहे. पांढऱ्या कांद्याचं नाव काढलं की दोन्ही तट एक होतात आणि तुच्छतेने हसतात.

खलीलभाई कुणाशीच वाद घालत नाहीत. ते डबीवर पाय ठेवतात आणि वाजवतात.

तुम्ही शहाणे आहात, तुम्ही या सगळ्याला हसलात, हे ठीकच आहे. पण गिटारला लाल बरा की उन्हाळ, हे वाचता वाचता तुम्ही मनाशी ठरवूनही टाकलंत, त्याचं काय?